‘राग दरबारी’ – गाण्याचे पुस्तक नव्हे

दरबारी म्हटले की ग्वाल्हेरच्या माणसाला काय आठवते, ते आम्ही सांगायला नको. तानसेनाच्या नावाशी परंपरेने जोडलेला, रात्रीच्या वेळी गायचा, संथ आणि भारदस्त असा हा राग. तानसेनाची समाधी आपल्या गावात आहे आणि दर डिसेंबरात तानसेन समारोहाला आपल्यातले कितीतरी पालक आवर्जून जातात. त्यामुळे ‘राग दरबारी’ हे नाव पाहून कोणी हे पुस्तक संगीताच्या कपाटात शोधू लागले, तर आम्हाला नवल वाटणार नाही. पण या पुस्तकात तंबोरा नाही, की गवई नाही. यातला दरबार म्हणजे उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातील वैद्याची बैठक. तिथे येणारी माणसे त्या वैद्यांना रुचेल तोच सूर लावतात, म्हणून तो राग दरबारी. श्रीलाल शुक्ल यांची ही हिंदी कादंबरी 1968 साली राजकमल प्रकाशनाने काढली आणि 1969 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या पानावर आपण बहुधा मराठी लेखकांचा परिचय देतो. मग हिंदी पुस्तक का, असे काही पालक विचारतील. एक तर आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या पुस्तकाशी आमची मैत्री जुनी आहे. शिवाय आपली मुले घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. हिंदी त्यांना परकी नाही. तिसरे कारण शाळेच्या हस्तलिखिताशी संबंधित आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आधी लेखकाविषयी थोडे. श्रीलाल शुक्ल यांचा जन्म 31 डिसेंबर 1925 चा, लखनौ जिल्ह्यातील अतरौली गावचा. अलाहाबाद विद्यापीठात शिक्षण झाले आणि 1949 साली ते उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत दाखल झाले. नोकरी सांभाळून ते लहान लहान उपरोधिक लेख लिहू लागले. हिंदीत अशा लेखनाला ‘व्यंग्य’ म्हणतात. त्यात विनोद असतो, पण तो बोचरा असतो. अशा लेखांचा त्यांचा पहिला संग्रह ‘अंगद का पाँव’ 1958 साली निघाला.

लहान आकाराचा विनोद हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा प्रकार आहे. आपल्याच प्रांतात जबलपूरचे हरिशंकर परसाई आणि उज्जैनला जन्मलेले शरद जोशी यांनी तो घरोघरी पोचवला. मराठीत तर या प्रकाराची केवढी श्रीमंती! बडोद्याला राहून चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे केले. पु. ल. देशपांडे, द. मा. मिरासदार ही नावे तर मुलांनाही पाठ आहेत. मात्र आमचे असे निरीक्षण आहे की, मराठीत विनोदी कथा, लेख आणि व्यक्तिचित्रे भरपूर, पण शेवटच्या पानापर्यंत विनोदी राहिलेली मोठी कादंबरी शोधू गेल्यास हाताची बोटे पुरतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विनोदी लेख एखादी लकब पकडतो, ती ताणतो आणि वाचक कंटाळण्याच्या आत थांबतो. चिमणराव कथेमागून कथेत येतात, पण प्रत्येक वेळी पाटी कोरी असते. कालच्या कथेत त्यांची जी फजिती झाली, तिचे ओझे आजच्या कथेत त्यांच्या डोक्यावर नसते. म्हणूनच आपण निर्धास्त हसतो. कादंबरीत ही सोय नाही. तिथे कालचा विनोद आजच्या खात्यावर मांडलेला असतो. पहिल्या प्रकरणात ज्याला आपण हसलो, तो दहाव्या प्रकरणात पुन्हा भेटतो आणि त्या हसण्याचे पुढे काय झाले ते दाखवतो. तीनशे पाने विनोद टिकवणे कठीण, असे लोक म्हणतात. आम्हाला वाटते, त्याहून कठीण आहे ते हे खाते शेवटपर्यंत प्रामाणिकपणे लिहिणे.

शुक्लजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. कादंबऱ्या त्यांनी आधीही लिहिल्या होत्या. 1957 साली ‘सूनी घाटी का सूरज’ आणि 1962 साली ‘अज्ञातवास’. पण त्या गंभीर होत्या. म्हणजे हसायचे असेल तेव्हा लेख आणि गंभीर व्हायचे असेल तेव्हा कादंबरी, अशी त्यांनी दोन हातांची वाटणी करून टाकली होती. 1964 च्या अखेरीस त्यांनी ‘राग दरबारी’ लिहायला घेतली आणि 1967 साली ती पूर्ण झाली. या कादंबरीत ते दोन्ही हात पहिल्यांदा एका कामाला लागले.

कथा थोडक्यात अशी. रंगनाथ नावाचा, इतिहासात एम. ए. झालेला आणि संशोधन करणारा शहरी तरुण तब्येत सुधारण्यासाठी मामाच्या गावी, शिवपालगंजला येतो. त्याचे मामा म्हणजे वैद्यजी. ते औषधे देतात, ब्रह्मचर्यावर उपदेश करतात, गावच्या सहकारी संस्थेचे प्रमुख आहेत आणि ‘छंगामल विद्यालय इंटरमीडिएट कॉलेज’चे मॅनेजर आहेत. (उत्तर प्रदेशात बारावीपर्यंतच्या शाळेला इंटर कॉलेज म्हणतात, आणि आपल्याकडच्या सचिवांसारखे जे पद असते, त्याला मॅनेजर.) थोरला मुलगा बद्री पहिलवान. धाकटा रुप्पन बाबू विद्यार्थ्यांचा पुढारी आहे आणि वर्षानुवर्षे दहावीतच बसलेला आहे. नापास होतो म्हणून नव्हे, तर दहावीवर त्याचे प्रेम आहे म्हणून, असे लेखक अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो. वैद्यजींच्या दारात भांग घोटणारा सनीचर नावाचा एक गडी आहे. अंगावर धड कपडा नसलेला हा माणूस पुढे ग्रामपंचायतीचा प्रधान होतो. तो प्रधान झाला तरी भांग घोटायला कोण आहे, हा प्रश्न कोणालाच पडत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते.

काळ लक्षात घ्यावा. सामुदायिक विकास योजना 2 ऑक्टोबर 1952 ला सुरू झाली आणि पंचायती राज 2 ऑक्टोबर 1959 ला, राजस्थानातील नागौरहून. खेड्यात शाळा, सहकारी संस्था आणि पंचायत या तीन गोष्टी आल्या की खेडे आपल्या पायावर उभे राहील, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. शुक्लजी याच यंत्रणेत अधिकारी होते. या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत गाठोड्यासारख्या कशा बांधल्या जातात, हे त्यांनी लांबून ऐकलेले नव्हते.

सहकारी संस्थेत गव्हाची अफरातफर होते, तेव्हाचा वैद्यजींचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. आतापर्यंत आमच्या संस्थेत अफरातफर झालीच नव्हती, म्हणून लोक आमच्याकडे संशयाने पाहत होते. आता ती झाली आणि आम्ही ती लपवलीही नाही, म्हणजे आम्ही सच्चे ठरलो! आणि पुढे मागणी काय, तर झालेले नुकसान सरकारने भरून द्यावे. हा विनोद कोट्यांचा नाही. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, सूर सभ्य आहे, तर्कही एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नीट चढतो, आणि वर पोचल्यावर कळते की जिना भिंतीला टेकवलेलाच नव्हता.

आता आमच्या व्यवसायाकडे येतो. या कादंबरीतला विज्ञानाचा शिक्षक मोतीराम मास्तर पिठाची गिरणी चालवतो. त्यामुळे सापेक्ष घनता शिकवतानाही त्याला उदाहरणे गिरणीचीच सुचतात आणि गिरणीच्या ओढीने तो तास अर्धवट टाकून जातो. मग प्रिन्सिपॉल दुसऱ्या शिक्षकाला सांगतात की, ही मुलेही तुमच्याच वर्गात बसवून घ्या. तो बिचारा म्हणतो की, वर्ग वेगळे, विषय वेगळा, मी शिकवू काय? त्यावर प्रिन्सिपॉल त्याला सरकारी बसचा दाखला देतात. एक बस बिघडली की तिचे प्रवासी मागून येणाऱ्या बसमध्ये बसवतात की नाही, तसेच करा. ज्यांनी कधी शाळेचे वेळापत्रक लावले आहे आणि सकाळी साडेसातला तीन शिक्षकांच्या रजेचे निरोप घेतले आहेत, त्यांना हे वाचून हसू येईल, पण हसून झाल्यावर घशाला कोरडही पडेल. आम्हाला पडली.

हे प्रिन्सिपॉल रोज संध्याकाळी वैद्यजींच्या बैठकीत हजर असतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात, आणि खूप संतापले किंवा खूप आनंदले की खडी बोली सोडून अवधीत बोलू लागतात. (आमच्याविषयीही विद्यार्थी म्हणतात की, सर रागावले की मराठी सोडून हिंदीत शिरतात. ते खरे आहे. बाकी साम्य शोधू नये, ही विनंती. आदरणीय विश्वस्तांनीही वैद्यजींमध्ये स्वतःला शोधण्याची तसदी घेऊ नये.) खन्ना आणि मालवीय हे दोन शिक्षक मात्र या दरबारात मान डोलावत नाहीत. ते काही थोर पुरुष नाहीत, त्यांचेही स्वार्थ आहेत. पण शेवटी राजीनाम्यावर सही करावी लागते ती त्यांनाच, आणि कशी, ते पुस्तकातच वाचावे. त्यानंतर खन्नाची रिकामी जागा प्रिन्सिपॉल कोणाला देऊ करतात? रंगनाथला! तोवर तो एका बाजूला उभा राहून सारे पाहत होता, मनातून हळहळत होता आणि आपण यात नाही असे समजत होता. तीनशे पानांचा विनोद इथे येऊन त्याच्या दंडाला धरतो. तो नोकरी नाकारतो, पण नाकारण्यापलीकडे काय करायचे, ते त्याला सुचत नाही.

आमच्या दृष्टीने या कादंबरीचे काळीज मात्र लंगड नावाच्या माणसात आहे. पायाने अधू म्हणून गावाने त्याचे नावच लंगड करून टाकले. त्याला तहसील कचेरीतून एका जुन्या खटल्याच्या कागदाची नक्कल हवी आहे. नक्कल देणारा कारकून पाच रुपये मागतो. लंगड म्हणतो, दर दोनचा आहे. घासाघीस होते, शब्दाला शब्द वाढतो आणि दोघेही हट्टाला पेटतात. लंगड शपथ घेतो की, आता एक पैसाही न देता, नियमाने नक्कल घेईन. कारकूनही शपथ घेतो की, एक पैसा न घेता, नियमानेच देईन. आता दोन प्रामाणिक माणसे समोरासमोर उभी राहिली म्हटल्यावर काम तर व्हायला हवे! पण नियमाने चालायचे म्हणजे अर्जात आज एक खोट निघते, उद्या दुसरी. कधी तिकीट कमी, कधी रकाना चुकलेला. लंगड दर वेळी शिवपालगंजात येतो, बैठकीत वाकून नमस्कार करतो आणि आपला अर्ज कुठवर पोचला ते सांगतो. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदाही हसतो. तो पुन्हा दिसला की बैठकीतली मंडळी हसतात, आणि आपल्याला जाणवते की या वेळी आपण त्यांच्यात सामील नाही. शेवटी नक्कल तयार होते, पण नेमका त्याच वेळी लंगड कचेरीत जाऊ शकत नाही. मुदतीत कोणी न्यायला आले नाही, म्हणून नियमानेच ती नष्ट केली जाते. आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा असतो.

हाच प्रसंग चार पानांच्या विनोदी लेखात आला असता, तर दोन आणि पाच रुपयांच्या भांडणावर आणि त्या दोन शपथांवर तो संपला असता आणि आपण टाळी दिली असती. लंगड मधल्या दोनशे पानांत चालत राहतो, म्हणून त्याची फजिती शोकांतिका होते. लहान विनोद लिहिणाऱ्या माणसाला मोठी कादंबरी का लिहावीशी वाटली असेल, याचे उत्तर आम्हाला इथे सापडले.

सरकारी नोकराने असे पुस्तक छापायचे, तर सरकारची परवानगी लागते. म्हणजे ज्या कचेऱ्यांना हसायचे, त्याच कचेऱ्यांच्या टेबलांवरून ‘राग दरबारी’च्या परवानगीचा कागद फिरायचा. त्या कागदाची गत लंगडच्या अर्जासारखी होऊ शकली असती, पण परवानगी आली, पुस्तक लेखकाच्या स्वतःच्या नावाने निघाले, आणि ते 1983 साली निवृत्त होईपर्यंत सेवेत राहिले. याचे श्रेय शुक्लजींच्या धाडसाला आहेच, पण थोडे त्या काळच्या शासनालाही द्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

सर्वांनाच पुस्तक आवडले असे नाही. काही जाणत्या हिंदी समीक्षकांनी त्या वेळी त्याला कंटाळवाणे ठरवले आणि त्यातल्या कडवटपणावर बोट ठेवले. आमचेही एक-दोन आक्षेप आहेत. एवढ्या गजबजलेल्या गावात बायका जवळपास नाहीतच. बेला नावाची एक मुलगी आहे, पण तिच्याविषयी गाव जेवढे बोलते, त्याच्या शतांशही ती स्वतः बोलत नाही. शिवाय या गावात एखादा तरी शिक्षक मन लावून शिकवत असेल, एखादा कारकून वेळेवर नक्कल देत असेल, अशी फट लेखकाने कुठेच ठेवलेली नाही. आमच्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या ओळखीत आम्हाला तसे लोक भेटले आहेत. तरीही पुस्तक टिकले. 1986 साली त्यावर दूरदर्शन मालिका झाली आणि 1992 साली गिलियन राइट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला. शुक्लजींना 2008 साली पद्मभूषण आणि 2009 सालचे ज्ञानपीठ अमरकांत यांच्यासह मिळाले. 28 ऑक्टोबर 2011 रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले.

आता हस्तलिखिताविषयी. या वर्षी अकरावीच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑफ तास’ नावाचा विनोदी लेख दिला आहे. त्यात शाळेची घंटा आहे, नेमकी मधल्या सुट्टीत आटणारी पाण्याची टाकी आहे आणि वर्गात शिरण्यापूर्वी दोनदा खाकरणारे मुख्याध्यापकही आहेत. काही पालकांनी आणि एका विश्वस्त महोदयांनी आम्हाला विचारले की, मुलांनी आपल्याच शाळेला हसावे का? प्रश्न रास्त आहे आणि तो चांगल्या भावनेने विचारला आहे. आम्ही तो लेख दोनदा वाचला. घंटेचे, टाकीचे आणि आमच्या खाकरण्याचे परिच्छेद जसेच्या तसे राहतील. फक्त एका शिपायाच्या अडखळत बोलण्यावरचा परिच्छेद आम्ही मुलांशी बोलून काढायला लावला. तेव्हा लंगडचीच गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. त्याच्या पायाला गाव हसते, लेखक नाही. लेखक हसतो ते त्या कचेरीला, जिच्यापुढे लंगडला पुन्हा पुन्हा उभे राहावे लागते. मुलांना हा फरक आमच्या अपेक्षेपेक्षा लवकर समजला. एकीने तर विचारले, मग टाकी दुरुस्त का होत नाही, यावर लिहू का? आम्ही ‘लिही’ म्हटले आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय निघेल, तेव्हा टाकीच्या दुरुस्तीचा कागदही आम्ही सोबत ठेवणार आहोत.

‘राग दरबारी’ची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आहे. भाषा काही ठिकाणी रांगडी आहे, शिव्याही आहेत, आणि शिक्षणपद्धतीविषयीचे एक प्रसिद्ध वाक्य तर या पत्रिकेत छापण्याजोगे नाही. म्हणून ती प्रत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि पालकांनाच मिळेल. सुरुवातीची पाने जरा जड जातात, कारण अवधीचे शब्द मधेच येतात. ते अडले तर मोठ्याने वाचावे, अर्थ आपोआप लागतो. ज्यांना एकदम मोठ्या पुस्तकाला हात घालवत नसेल, त्यांनी आधी ‘अंगद का पाँव’ वाचावे आणि मग शिवपालगंजला जावे. प्रत पंधरा दिवसांत परत करावयाची आहे. मुदतीत कोणी न्यायला आले नाही, तरी आम्ही ती नष्ट करणार नाही.